तेल संपलेलं हेलिकॉप्टर आणि माझा राजीनामा

हेलिकॉप्टर तेल संपून पडलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण नंतर लोकांनी धुकं, पक्षी, पतंगाचा मांजा आणि पायलटचं नशीब असं बरंच काही मध्ये आणलं. त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. टाकी रिकामी झाली, इंजिन बंद पडलं आणि आम्ही चार माणसं गुडगावच्या पलीकडे मोहरीच्या शेतात आदळलो. पायलट दुसऱ्या दिवशी गेले. मागच्या सीटवरचं पीतमपुऱ्याचं जोडपं हात-पाय मोडून वाचलं. माझा कमरेचा मणका फुटला आणि मी पाच महिने आडवी होते.

त्या पाच महिन्यांबद्दल लिहायचं ठरवलं ते सहानुभूतीसाठी नाही. ती मिळाली होती, पुरली नाही. कुठल्यातरी वॉर्डात आत्ता कुणीतरी छताकडे बघत पडलं असेल आणि त्याच्या तोंडासमोर कुणीतरी कागद धरला असेल. हे त्या माणसासाठी आहे.

वर कशाला गेले

मी दिल्लीत मुनिरकात राहायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दोन मुलींबरोबर. एम.ए. अर्धवट टाकून एका लहान संघटनेत पूर्णवेळ काम करत होते. काम म्हणजे पत्रकं लिहिणं, सायक्लोस्टाइल करणं आणि बसस्टॉपवर वाटणं. गुडगावच्या पुढे एका खेड्याचा जोहड, म्हणजे गावाचं तळं, एका बिल्डर कंपनीने माती टाकून बुजवला होता आणि त्यावर प्लॉट पाडले होते. कंपनी म्हणायची, इथे तळं नव्हतंच कधी. गाव म्हणायचं, मग आमच्या म्हशी काय चंद्रावर पाणी प्यायच्या? त्या तळ्यावर मी एकटीने अकरा पत्रकं लिहिली होती.

दर रविवारी कंपनी दिल्लीतल्या गिऱ्हाइकांना जागा दाखवायला बोलवायची. तंबू, छोले-भटुरे, जादूचे प्रयोग, आणि हेलिकॉप्टरची एक फुकट फेरी. तुमचं होणारं घर आभाळातून बघा म्हणे. माझ्या डोक्यात आलं, बुजवलेल्या तळ्याचा आकार वरून दिसत असणार. एक फोटो मिळाला तर काम झालं. संघटनेत सांगितलं असतं तर तीन बैठका नुसती चर्चा झाली असती. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. खोलीतल्या मुलीचा गॉगल लावला, तिचीच पर्स घेतली, आणि नवऱ्याची बदली झालीय, प्लॉट बघायचाय, असं ठोकून दिलं.

मला पायलटच्या शेजारची सीट मिळाली. बाहेर टाय लावलेला मॅनेजर उभा होता, हातात वायरलेस.

"कॅप्टन साब, एक चक्कर और. ड्रम आ ही रहे हैं."

"ड्रम दो घंटे से आ रहे हैं," पायलट म्हणाले. "मैंने सुबह भी बोला, अब फिर बोल रहा हूँ. पहले फ्युएल लाओ."

"दस मिनट का तो होगा ना? पार्टी लाइन में खड़ी है, सर. आर्मी वाले होकर डरते हैं आप?"

पायलट दार ओढून घेताना स्वतःशीच पुटपुटले, "आग लागो त्या लायनीला."

मी दचकून म्हटलं, "तुम्ही मराठी?"

ते माझ्याहून जास्त दचकले. "कुठली गं तू?"

"संगमनेरची."

"मी कोरेगावचा, साताऱ्याकडचा. पट्टा ओढ घट्ट. ही शेवटची फेरी. उतरलो की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

त्यांचं नाव कदम. मेजर होते, सैन्यातून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. हे मला नंतर कळलं.

वरून तळं दिसलं. नव्या मातीतून ओलसर, काळपट असं गोल कडं उमटलं होतं, कपड्यावरचा डाग धुऊनही राहावा तसं. मी कॅमेरा काढला. तेवढ्यात आवाज बदलला. पंखा फिरत होता, पण त्याच्या मागचा घरघराट गेला होता. कदम शांतपणे म्हणाले, "खाली वाक. डोकं गुडघ्यात." पुढचं मला आठवत नाही. फोटो निघाला नव्हता. कॅमेरा परत मिळाला नाही.

डोळे बंद

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. दिल्लीतलं सरकारी, मोठं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आला आणि त्याने माझ्या तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं.

"कुछ महसूस हो रहा है?"

"हां."

"किस पैर में?"

"दाएँ."

मी खोटं बोलत होते. मला त्याचा हात दिसत होता. खांदा कुठल्या बाजूला हलतोय ते बघून उत्तरं देत होते, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघावं तशी. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. वाटलं असेल की होय म्हटलं तर ते खरं होईल.

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. म्हणाला, "अब आँखें बंद करके बताइए."

डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. बराच वेळ कुणी काही करेना. शेवटी मी म्हटलं, "शुरू कीजिए."

तो म्हणाला, "कर चुका."

तो माझा निदानाचा दिवस. नंतर मोठे डॉक्टर आले, पायथ्याशी उभं राहून एकमेकांशी इंग्रजीत बोलले, मणक्यात सळ्या घालायचं ठरलं. पुढे चालता येईल का, या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर होतं, "देखते हैं." बघणार ते होते, पडून मी राहणार होते.

बायकांचा वॉर्ड

ऑपरेशननंतर मला बायकांच्या हाडांच्या वॉर्डात टाकलं. दर दोन तासांनी दोन आया येऊन मला ओंडक्यासारखं कुशीवर वळवायच्या, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. लघवीची नळी. बेडपॅन. सकाळी सहाला चहा, त्याला ॲल्युमिनियमची चव. पुरुषांना वॉर्डात फक्त चार ते सहा प्रवेश. बाकीच्या बायकांकडे आई, सासू, जाऊ, कुणी ना कुणी खाली चटईवर असायचं. माझ्या कॉटखाली फक्त माझ्या चपला होत्या, आणि त्या कशाला ठेवल्यात असं मला रोज वाटायचं.

आयांपैकी सरोज नावाची एक होती. ती मला नावाने हाक मारायचीच नाही. "ऐ हेलिकॉप्टर, चाय पिएगी?" सगळा वॉर्ड मला हेलिकॉप्टर म्हणायला लागला. राग यायचा, पण बरंही वाटायचं. कुणीतरी हाक मारत होतं.

संघटनेतून दीपक आला होता, एकदा, चौथ्या दिवशी. दीपक म्हणजे आमचा प्रमुख, बिहारचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. मी त्याला फार मानायचे. तो स्टुलावर बसला नाही.

"तू उसमें कर क्या रही थी?"

मी जोहड सांगितला, फोटो सांगितला.

"फोटो कहाँ है?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "गाँव वाले पूछ रहे हैं कि हमारी लड़की कंपनी की सवारी में क्यों थी. मैं क्या बोलूँ?"

"सच बोलो."

"सच का फोटो नहीं है ना," तो म्हणाला आणि निघून गेला.

पुढचे दोन आठवडे संघटनेतलं कुणी आलं नाही. खोलीतली मुलगी एकदा गॉगलची चौकशी करून गेली. तिनेच संघटनेचं नवं पत्रक आणून दिलं. अपघातावर होतं. भाषा माझी होती, म्हणजे मीच त्यांना शिकवलेली. लहान वाक्यं, सुरुवातीला प्रश्न, शेवटी मागणी. आत लिहिलं होतं, पायलटचा मृत्यू, कंपनीचे तीन ग्राहक जखमी.

मी ग्राहक. ते पत्रक मी उताणी पडून किती वेळा वाचलं असेल सांगता येणार नाही. माझ्याबद्दलचं एक अक्षर त्यात खोटं नव्हतं म्हणून ते जास्त लागलं.

नाना

वडील गावाहून आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. शाळेत मास्तर. आई येऊ शकली नाही, कारण थोरल्या बहिणीचं बाळंतपण तोंडावर होतं. नाना आर. के. पुरममध्ये गावाकडच्या एका ओळखीच्या कारकुनाच्या क्वार्टरमध्ये उतरले, रोज बस बदलून यायचे, चारपर्यंत बाहेर बाकावर बसायचे आणि चारच्या ठोक्याला आत.

ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. ते नुसते म्हणायचे, "तुझं काय काम होतं गं तिथं?" दीपकने विचारलं होतं तेच, फक्त मराठीत.

नानांचं हिंदी म्हणजे मराठीला टोपी घातलेली. एकदा सिस्टरने मला जरा जोरात वळवलं, मी कळवळले, तर नाना तिला म्हणाले, "बाई, लडकी को इतना शिक्षा मत दो."

ती केरळची, तिचं हिंदी शाळेतलं. म्हणाली, "शिक्षा आपने ही ज़्यादा दे दिया, बाबूजी. इसीलिए तो उड़ रही थी."

सगळा वॉर्ड हसला. नाना गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना सांगितलं की इथे शिक्षा म्हणजे शिक्षण. ते म्हणाले, "मास्तराला माहीत नसावं, कमाल आहे." मग आम्ही दोघं हसलो. अपघातानंतर पहिल्यांदा. हसताना पाठीत कळ आली, पण चाललं.

त्या दिवशी आम्हाला दोघांनाही वाटलं असणार की असा शब्द एकच असेल.

सही

अठराव्या दिवशी नाना चारच्या आतच वॉर्डात आले. त्यांच्यामागे कंपनीचा एक माणूस, हातात सफरचंदांची टोपली, आणि पोलीस ठाण्याचा मुंशी, म्हणजे तिथला लिखापढी करणारा हवालदार. वेळेचा नियम त्यांच्यासाठी नव्हता.

मुंशी म्हणाला, "बेटी, राजीनामा कर ले. तू भी सुखी, हम भी सुखी."

नानांचा चेहरा मोकळा दिसत होता. ते वाकून मराठीत म्हणाले, "वैजू, राजीनामा आणलाय त्यांनी. तयारच आहे. कंपनीचं भांडण तुझ्या संघटनेशी आहे. तिचा राजीनामा दिलास की केस नाही, चौकशी नाही, काही नाही. औषधपाण्याचंही ते बघतील म्हणतात. मग आपण घरी."

पुठ्ठ्याला लावलेला कागद माझ्या तोंडावर धरला गेला. पोलिसी हिंदी, गिचमिड अक्षर, तहरीर, रज़ामंदी, बयान. वर मध्यभागी, खाली रेघ ओढून, एक शब्द स्वच्छ होता. राजीनामा. तेवढा मी वाचला.

इथे मी नीट लिहिलं पाहिजे. मी गुंगीत नव्हते. इंजेक्शन सकाळी झालं होतं. कुणी माझा हात धरला नव्हता. मी तो शब्द वाचला, दीपक डोळ्यांपुढे आला, ते पत्रक आलं, आणि वाटलं, घ्या. तुम्ही मला ग्राहक केलंत ना, आता मी तुमची कुणीच नाही. मला हलकं वाटलं. मी सही केली, मराठीत, पूर्ण नावाने. मुंशीने पंख्याखाली कागद वाळवला. सफरचंदं सरोजने वॉर्डात वाटली.

काकू

त्यानंतरच्या बुधवारी चार वाजता एक बाई आल्या. छापील साडी, कपाळ मोकळं. कॉटजवळ येऊन म्हणाल्या, "मी कदमांची."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

"शेवटचं काय बोलले?"

"खाली वाक. डोकं गुडघ्यात."

त्यांनी ते मनात दोनदा म्हटलं असावं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुला सांगत होते."

मी त्यांना मॅनेजरचं बोलणं सांगितलं. ड्रमचं, लायनीचं, 'आर्मी वाले होकर' हेही. काकूंनी मान खाली घातली.

"कंपनी म्हणते, त्यांनी तेल बघितलंच नाही. सगळं त्यांच्यावर टाकलंय. पोरं शाळेत विचारतात, बाबांची चूक होती का. विमान खात्याचा अधिकारी चौकशीला येणार आहे. त्याला हे सांगशील?"

"सांगणार म्हणजे काय," मी म्हटलं. "तेवढ्यासाठी तर जिवंत राहिलेय." पत्रकातलं वाक्य होतं, पण त्या क्षणी मनापासून होतं.

पुढच्या बुधवारी त्या पुन्हा आल्या. माझे केस बघून म्हणाल्या, "उवा झाल्यात की गं." आणि खरंच, झाल्या होत्या. त्यांनी तेल लावलं, बारीक फणी घेतली आणि दीड तास माझं डोकं विंचरलं. त्या पालमला भाड्याच्या घरात राहायच्या, दोन बस बदलून यायच्या. फणी चालू असताना आम्ही कोरेगावच्या वाटाण्यावर बोललो, दिल्लीत मिळणाऱ्या गुळावर बोललो. मला कमरेखाली काही कळत नव्हतं, पण डोक्यावर प्रत्येक दात कळत होता. आजारी माणसासाठी काही करावंसं वाटलं तर फुलं नेऊ नका, फणी न्या.

तिसऱ्या बुधवारी त्या आल्या ते फणी न काढता बसल्या. पिशवीतून कंपनीकडून मिळालेली झेरॉक्स काढली.

"हे तुझंच अक्षर ना?"

माझी सही होती. वरचा मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला, एकेक शब्द मराठी करत. कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही. उड्डाणापूर्वी पायलटने तेल पुरेसं असल्याचा भरवसा दिला होता. कंपनीच्या कुणीही त्याच्यावर जोर केला नाही. उभय पक्षांत समझोता झाला आहे.

"पण हा राजीनामा आहे," मी म्हटलं.

काकूंनी झेरॉक्स मांडीवर ठेवली. "राजीनामा म्हणजे काय वाटलं तुला?"

"राजीनामा. नोकरीचा देतात तो. संघटनेचा."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, हळू आवाजात. "वीस वर्षं ह्यांच्याबरोबर हिंदी मुलखात काढली मी. इकडं त्याला इस्तीफ़ा म्हणतात. राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. तडजोड."

नाना पायथ्याशी उभे होते. त्यांनी झेरॉक्स घेतली, चष्मा वर केला, सगळी वाचली. मग कागदाची घडी घालायला लागले, पण त्यांना घडी घालता येईना.

सोपा रस्ता

राजीनाम्याची बातमी तळ्याच्या गावात पोचली होती. कंपनी तो कागद दारोदार दाखवत होती की बघा, तुमच्या पुढाऱ्यांचीच मुलगी राजी झाली. दीपक आला. या वेळी स्टुलावर बसला.

"बिक गई?"

मी त्याला शब्दाचा घोटाळा सांगितला. अर्धाच. राजीनामा म्हणजे समझोता हे मला माहीत नव्हतं, एवढं. मग मला काय वाटलं होतं ते त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्याचा चेहरा लगेच उजळला. "तो मामला साफ है. बोल दे कि इंजेक्शन के नशे में थी. बेहोश मरीज़ से दस्तख़त कराया. कल ही पर्चा निकालते हैं." तो माझ्या हाताला हात लावून गेला. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. नानांनाही तोच मार्ग पसंत. "खोटं थोडंच आहे, औषधं तर चालूच होती."

बुधवारी काकूंना सांगितलं. त्यांनी उवा मारता मारता ऐकून घेतलं.

"अठराव्या दिवशी शुद्ध नव्हती म्हणालीस, तर कंपनीचा वकील विचारणार, मग पहिल्या दिवशीचं बोलणं कसं लक्षात राहिलं? डोक्यावर पडलेली पोरगी म्हणतील. तुझी शुद्ध गेली की माझ्या माणसाची साक्ष गेली."

"मग काय सांगू?"

"ते तू ठरव. मी काही मागत नाही." फणी झटकून त्या म्हणाल्या, "पण एक विचारते. तुला वाटलं संघटनेचा राजीनामा. बरं. मग तो तरी का दिलास?"

त्या गेल्यावर आयांनी मला कुशीवर वळवलं, भिंतीकडे तोंड करून. दोन तास भिंत.

जबानी

अधिकारी सौम्य माणूस होता. बरोबर टायपिस्ट. कॉटच्या एका बाजूला काकू, पायथ्याशी नाना, आणि माझा आग्रह म्हणून दीपक. तो हसून मला मान डोलावत होता, घाबरू नकोस अशी.

उड्डाणाचं सगळं सांगून झालं. ड्रम, दस मिनट, लाइन. टायपिस्ट टाइप करत होता. मग अधिकाऱ्याने राजीनाम्याची प्रत पुढे केली.

"यह आपके बयान से उलटा है. दस्तख़त आपका है?"

"हां."

"आप होश में थीं?"

दीपकने पुन्हा मान डोलावली.

"पूरे होश में," मी म्हटलं.

"पढ़ा था?"

"एक शब्द. ऊपर वाला. हमारी मराठी में उसका मतलब इस्तीफ़ा होता है."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "किससे इस्तीफ़ा?"

"संगठन से."

"किसी ने दबाव डाला?"

मी नानांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते पुढे आले असते आणि म्हणाले असते, मी डाला. "किसी ने नहीं. मैं देना चाहती थी. ये लोग मुझे देखने नहीं आए, इसलिए."

टायपिस्टने तेही टाइप केलं. जबानी मला वाचून दाखवली. मी प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ विचारला. मज़मून म्हणजे काय, तसदीक म्हणजे काय. तासभर गेला. अधिकारी कंटाळला, पण चिडला नाही. मग मी सही केली.

सगळे उठले तेव्हा दीपक कॉटजवळ आला. आवाज खाली होता. "हम तीस लोग हैं, वैजयंती. गाँव में रोज़ मार खाने का डर है. अस्पताल आने का टाइम नहीं मिला, तो तूने..."

"हां."

"तो मंज़ूर समझूँ?"

मला वाटलं होतं तो नको म्हणेल. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो खरंच विचारत होता.

"समझो," मी म्हटलं.

तो परत आला नाही. तळ्याची लढाई पुढे बरीच चालली, माझ्याशिवाय. त्यांची पत्रकं मला कुणी आणून दिली नाहीत.

अहवाल

नाना बहिणीच्या बाळाच्या बारशाला गावी गेले, परत आले, पुन्हा गेले. राजीनाम्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. एकदा फक्त म्हणाले, "तू माझं नाव घेतलं नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही सही नव्हती केली." एवढंच. त्यावर ते खूप वेळ माझ्या पायाच्या अंगठ्याला मालिश करत बसले. त्या अंगठ्याला तोवर थोडं थोडं कळायला लागलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. थांबतील म्हणून.

पाचव्या महिन्यात काकू अहवालाची प्रत घेऊन आल्या. इंग्रजीत होती. मी मराठी करून वाचलं. इंजिन बंद पडण्याचं कारण, इंधन संपणे. पायलटने इंधनाची मागणी दोनदा केली होती आणि उड्डाणासाठी त्याला डिवचण्यात आलं, हे एका प्रवाशाच्या जबानीवरून ग्राह्य धरलं आहे.

"परत वाच."

परत वाचलं.

"पुढं?"

पुढचं वाचावं की नाही असं मला झालं. "तरीही इंधन पुरेसं नसताना उड्डाण नाकारणं, ही अंतिम जबाबदारी पायलटची होती."

काकू खिडकीकडे बघत होत्या. "ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायला हवं होतं. पंचवीस वर्षं होय म्हणायची सवय, तोंडात शब्दच नव्हता. पोरांना दोन्ही सांगीन. तेल मागितलं होतं हे आणि तरी उड्डाण केलं हे."

पुढच्या आठवड्यात त्या पालमचं घर सोडून कोरेगावला गेल्या. जाताना बारीक फणी माझ्या उशाशी ठेवली.

उभं राहणं

तुम्ही आत्ता पडून असाल तर एवढं सांगते. कळत नसेल तिथे कळतंय म्हणू नका. डॉक्टरलाही नाही, पोलिसालाही नाही. कागदाचं नाव वाचून सही करू नका, आतलं वाचून घ्या, ज्याच्याकडून वाचून घ्याल त्याला कंटाळा येईपर्यंत विचारा. आणि रागाच्या भरात काही केलं असेल तर ते औषधावर ढकलू नका. माझ्या हातून बाकी काही नीट झालं नाही, एवढं झालं.

व्यायामाच्या खोलीत दोन समांतर दांडे होते, कमरेच्या उंचीचे. पायांना लोखंडी पट्ट्या बांधून मला त्यांच्यामध्ये उभं करायचे. एका दुपारी व्यायाम शिकवणाऱ्या बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी उजवा पाय ओढला. मग डावा. कुणी मोजत नव्हतं, मीच मोजलं. नऊ पावलांत दांडे संपले. समोर भिंत होती, तिच्यावर लसीकरणाचं पोस्टर.

वळायचं अजून शिकवलं नव्हतं. बाहेर बाईंचा फोन चालूच होता. हाक मारली असती तर त्या आल्या असत्या. मी दांडे धरून तिथेच उभी राहिले आणि पोस्टर वाचायला लागले, वरपासून खालपर्यंत, एकही शब्द न सोडता.